हिस्टोनवरचं मिथाइल काढणारी एन्झाइम्स: कॅन्सरच्या बाजूने की विरोधात?

मास्तर_बीजे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी कॉलेजात बी.एस्सी.ला जीवशास्त्र शिकवतो. एपिजेनेटिक्सचा, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जीन चालू-बंद कसे होतात त्याचा भाग आला की वर्गातून दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. इथे संशोधनातले, दवाखान्यातले, औषध कंपन्यांतले असे बरेच जण वावरतात म्हणून तो इथेच मांडतोय.

विज्ञान शाखेचे नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी उजळणी. एका पेशीत साधारण दोन मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रॉनच्या केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. एच२ए, एच२बी, एच३, एच४ प्रत्येकी दोन, असा आठांचा गठ्ठा आणि त्याभोवती १४७ बेस जोड्यांचा डीएनए, साधारण पावणेदोन वेढे. हिस्टोनच्या शेपट्या या गठ्ठ्याबाहेर आलेल्या असतात आणि त्यातल्या लायसिनवर (हे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) मिथाइल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण लागते, एक, दोन किंवा तीन. एच३ च्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल असतील तर तिथला जीन बहुधा चालू असतो, नवव्या किंवा सत्ताविसाव्या लायसिनवर तीन असतील तर बहुधा बंद.

हे मिथाइल एकदा लागलं की कायमचं, ते जाणार फक्त हिस्टोन बदलला किंवा पेशी विभागून पातळ झालं तरच, अशी समजूत कित्येक वर्षं होती. डिसेंबर २००४ मध्ये हार्वर्डच्या यांग शी यांच्या प्रयोगशाळेने एलएसडी१ हे एन्झाइम दाखवलं जे एच३ च्या चौथ्या लायसिनवरचं मिथाइल सरळ काढून टाकतं. तिथून चित्र पालटलं.

तर मुलांचा प्रश्न असा: सर, हे मिथाइल काढणारे कॅन्सर वाढवतात की रोखतात? पुस्तकात दोन्ही लिहिलंय. मी "पेशीवर अवलंबून आहे" असं सांगतो, ते खरंही आहे, पण तेवढ्यावर मुलांचं समाधान होत नाही आणि होऊही नये. नेमकं कशावर अवलंबून आहे ते उदाहरणांसकट हवंय.

तिखटमीठ

मास्तर, मी कॉमर्सवाला. तरी दोनदा वाचलं. पण डीएनए जर तोच राहतो, एक अक्षर पण बदलत नाही, तर वरच्या प्रथिनाला काहीतरी चिकटलं आणि निघालं याने एवढा फरक का पडावा?

रानवारा

@तिखटमीठ, सातबारा डोळ्यासमोर आणा. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण इतर हक्कात बँकेचा बोजा चढला की तुम्ही ती विकू शकत नाही, आणि बोजा उतरला की परत मोकळी. जमिनीत फावडंसुद्धा लागलेलं नसतं. मिथाइल म्हणजे ती नोंद, आणि मिथाइल काढणारी ही एन्झाइम्स, म्हणजे डीमिथायलेज, ती फेरफार घालून नोंद कमी करणारे. आता चुकीची नोंद कमी झाली किंवा नको ती राहिली तर काय काय होतं ते गावाकडच्या कुणालाही विचारा.

तिखटमीठ

आता कळलं!! मास्तर, हे वर्गात सांगा.

खारघरची_सई

रानवारा, उदाहरण झकास आहे पण एक जागा दुरुस्त करायला हवी. नोंद स्वतः काही करत नाही. ती वाचणारी वेगळी प्रथिनं असतात. एच३ च्या नवव्या लायसिनवर, म्हणजे एच३के९ वर (के म्हणजे लायसिन), तीन मिथाइल असतील तर एचपी१ नावाचं प्रथिन तिथे येऊन बसतं आणि तो भाग आवळून ठेवतं. एच३के४ वर तीन असतील तर दुसरी प्रथिनं येतात आणि तिथून जीन वाचायची यंत्रणा जमायला लागते. आणि एक मिथाइल, दोन, तीन यांचा अर्थ वेगवेगळा. त्यामुळे "मिथाइल काढलं" एवढ्यावरून काही ठरत नाही. कुठल्या लायसिनवरून काढलं, तीनाचे दोन केले की पार शून्य, आणि तिथे वाचायला कोण बसलं होतं, हे सगळं बघावं लागतं.

काढणाऱ्यांचीही दोन घराणी आहेत. एक एलएसडी१ आणि त्याचं भावंड एलएसडी२. यांना एफएडी नावाचा मदतनीस रेणू लागतो, आणि यांच्या रसायनाची पद्धतच अशी की तीन मिथाइलवाल्या लायसिनला ते हात लावू शकत नाहीत, फक्त एक आणि दोन. दुसरं घराणं जेएमजेसी वालं (प्रथिनातल्या एका भागाचं हे नाव), बरंच मोठं. त्यांना लोह, ऑक्सिजन आणि अल्फा-कीटोग्लुटरेट (अन्नापासून ऊर्जा काढताना पेशीत बनणारा रेणू) लागतं आणि त्यातले बरेचसे तीन मिथाइलसुद्धा काढतात. हे घराणं यी झांग यांच्या गटाने २००६ च्या सुरुवातीला पुढे आणलं आणि त्याच वर्षी तीन मिथाइल काढणारेही सापडले.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: लोह, ऑक्सिजन, अल्फा-कीटोग्लुटरेट. म्हणजे पेशी काय खातेय आणि श्वास किती मिळतोय याचा हिशेब थेट जीन चालू-बंद होण्यापर्यंत पोचतो. मला या विषयात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे.

अभ्यासू_कोल्हापूर

इतिहासात एक नाव राहतंय ते घालतो. २००४ ला शोध लागला हे खरं, पण वून की पाइक आणि सांगडुक किम या जोडप्याने १९७३ सालीच हिस्टोनवरचं मिथाइल काढणारी क्रिया पाहिल्याचं छापलं होतं. एन्झाइम नीट वेगळं करून ओळखता आलं नाही. त्याच सुमाराला दुसऱ्यांनी मोजमाप केलं की मिथाइल साधारण हिस्टोनइतकंच टिकतं, आणि सगळ्यांनी ते मोजमाप धरलं. पण ते मोजमाप सगळ्या हिस्टोनची एकत्र सरासरी होती. एखाद्या जीनच्या दारात तासाभरात मिथाइल येत-जात असेल तर ते सरासरीत दिसणारच नाही. तीस वर्षं गेली यात. मास्तर, मुलांना हे जरूर सांगा, कारण सरासरीने झाकलेली गोष्ट कशी शोधायची हा सुद्धा विज्ञानाचाच धडा आहे.

तिखटमीठ

सई ताई, मी मागे कुठेतरी वाचलं की मिथाइल काढताना फॉर्मल्डिहाइड तयार होतं. म्हणजे ते बरणीत बेडूक ठेवतात ते?? आपल्या पेशीत??

खारघरची_सई

हो, तेच. दोन्ही घराण्यांत मिथाइल फॉर्मल्डिहाइड होऊनच बाहेर पडतं, आणि एलएसडी१ सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडही सोडतं. प्रमाण अगदी थोडं असतं आणि पेशीकडे ग्लुटाथायोन आणि एडीएच५ अशी ते लगेच निकालात काढायची सोय असते. घाबरू नका.

ओंजळ

मी या विषयातली नाही, पण धागा बघून थांबले. माझ्या भावाचं मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये लिहिलंय, "आयडीएच१ म्युटंट" आणि खाली "एमजीएमटी प्रमोटर मिथाइलेटेड". ओपीडीत इतकी गर्दी होती की डॉक्टर फक्त म्हणाले दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि आम्ही बाहेर आलो. आता इथे वाचते तर मिथाइल कुठे जीन बंद करतं कुठे चालू करतं. मग मिथाइलेटेड चांगलं कसं? आणि म्युटेशन चांगलं कसं असू शकतं? माफ करा विषयांतर होत असेल तर.

न्यूरो_नागपूर

ओंजळताई, हे अजिबात विषयांतर नाही, तुमच्या भावाच्या रिपोर्टात या धाग्याचं अर्धं उत्तर आहे. दोन ओळी वेगवेगळ्या समजून घ्या.

एमजीएमटी वाली ओळ हिस्टोनबद्दल नाही. तिथे मिथाइल थेट डीएनएवर लागलेलं आहे, एमजीएमटी नावाच्या जीनच्या सुरुवातीला. त्यामुळे तो जीन गप्प झाला. हा जीन डीएनएची एक दुरुस्ती करणारं प्रथिन बनवतो. टेमोझोलोमाइड ही गोळी गाठीच्या पेशींच्या डीएनएला जी इजा करते ती नेमकी हे प्रथिन भरून काढतं. प्रथिनच नसेल तर इजा तशीच राहते आणि पेशी मरते. म्हणून मिथाइलेटेड असेल तर त्या गोळीचा परिणाम जास्त मिळण्याची शक्यता. "चांगलं" म्हणजे एवढंच, औषधाला अनुकूल.

आयडीएच१ वाली ओळ मात्र थेट मास्तरांच्या प्रश्नात येते. नेहमीचं आयडीएच१ एन्झाइम अल्फा-कीटोग्लुटरेट बनवतं, सईंनी सांगितलं ना जेएमजेसी वाल्यांना लागतं, तेच. म्युटेशन झालेलं आयडीएच१ त्याच अल्फा-कीटोग्लुटरेटपासून २-हायड्रॉक्सीग्लुटरेट तयार करतं. हे दिसायला जवळजवळ सारखं, त्यामुळे मिथाइल काढणाऱ्या एन्झाइममध्ये जाऊन बसतं आणि काम अडवतं. मग हिस्टोनवर मिथाइल साचत जातं, डीएनएवरचं मिथाइल काढणारी टेट एन्झाइम्सही अडतात, आणि पेशी अर्धवट वयात अडकून राहते, नीट मोठी होत नाही. मेंदूच्या गाठीत हे म्युटेशन २००८ मध्ये सापडलं, २-हायड्रॉक्सीग्लुटरेटचं कोडं २००९ मध्ये सुटलं आणि हिस्टोन डीमिथायलेशनशी संबंध २०१२ मध्ये दाखवला गेला.

मग चांगलं का म्हणतात? कारण आयडीएच म्युटेशन असलेल्या गाठी, म्युटेशन नसलेल्या तशाच गाठींपेक्षा सहसा हळू वाढतात आणि उपचारांना बरा प्रतिसाद देतात. आजार सुरू व्हायला म्युटेशन कारणीभूत, पण त्या आजाराची जात तुलनेने सौम्य.

या म्युटंट एन्झाइमलाच अडवणारी व्होरासिडेनिब नावाची गोळी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, ग्रेड २ च्या गाठींसाठी, ऑपरेशननंतर. ज्या चाचणीवर मंजुरी मिळाली तिच्यात ३३१ रुग्ण होते, गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ गोळी घेणाऱ्यांत २७.७ महिने आणि न घेणाऱ्यांत ११.१ महिने. भावाला लागू आहे का हे ग्रेडवर आणि बाकी बऱ्याच गोष्टींवर ठरेल, इथून सांगता येणार नाही. पुढच्या भेटीला तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: ग्रेड कितवा, १पी/१९क्यू (गाठीच्या पेशींत पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्राचे ठरावीक तुकडे गेलेत का ही तपासणी) बघितलंय का, आणि आयडीएच वरचं औषध आपल्या केसमध्ये विचारात घेता येईल का. लिहून नेलं की गर्दीतही उत्तर मिळतं.

ओंजळ

खूप खूप आभार. प्रश्न लिहून घेतले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रिपोर्ट वाचून काहीतरी समजलं.

खारघरची_सई

न्यूरो सरांनी छान सांगितलं. फक्त एक वाद आहे तो नोंदवते. आयडीएच गाठीत नुकसान कशाने जास्त होतं, हिस्टोनवर साचलेल्या मिथाइलने की डीएनएवर साचलेल्या, यावर एकमत नाही. २-हायड्रॉक्सीग्लुटरेट या घराण्यातली बरीच एन्झाइम्स कमी-जास्त अडवतं. म्हणून "हिस्टोन डीमिथायलेशन अडलं आणि कॅन्सर झाला" इतकी सरळ रेघ मी तरी ओढणार नाही. ब्लड कॅन्सरमध्ये, म्हणजे एएमएल मध्ये, हीच म्युटेशन असतात आणि तिथे एनासिडेनिब २०१७ ला आणि आयव्होसिडेनिब २०१८ ला आलं. त्या औषधांनी कॅन्सरच्या पेशी मरण्याऐवजी मोठ्या होतात, प्रौढ पांढऱ्या पेशी बनतात. अडकलेली पेशी पुढे सरकते. हे मला तरी फार मोठं वाटतं.

निसर्गोपचार_प्रेमी

वरती लोह लागतं असं आलंय. या एन्झाइम्सना व्हिटॅमिन सी पण लागतं असं वाचलं होतं. मग रोज आवळा खाल्ला तर डीमिथायलेशन नीट चालू राहील ना? आपल्या पूर्वजांनी च्यवनप्राश उगाच नाही सांगितला. ओंजळताई भावाला आवळ्याचा रस सुरू करा.

न्यूरो_नागपूर

थांबा थांबा. ओंजळताई, कॅन्सरची औषधं चालू असताना कुठलाही रस, काढा, पावडर भावाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. जेवणात आवळ्याची चटणी किंवा लोणचं असणं वेगळं आणि उपचार म्हणून रस वेगळा.

खारघरची_सई

@निसर्गोपचार_प्रेमी, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे म्हणून नीट उत्तर देते. व्हिटॅमिन सी या एन्झाइममधलं लोह कामाच्या स्थितीत ठेवायला मदत करतं, हे खरं. प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींपासून मूळपेशी बनवताना व्हिटॅमिन सी घातलं की प्रमाण वाढतं आणि त्यात केडीएम२ए, केडीएम२बी या डीमिथायलेजचा हात आहे हेही दाखवलंय. उंदरांत ब्लड कॅन्सरवर २०१७ मध्ये कामं झाली, पण ती मुख्यतः टेट२ बद्दल, म्हणजे डीएनएवरचं मिथाइल काढणाऱ्या टेट एन्झाइमपैकी एकाबद्दल आहेत. आता पुढचं. तोंडाने घेतलेल्या व्हिटॅमिन सीची रक्तातली पातळी एका मर्यादेपलीकडे जातच नाही, आतडं आणि मूत्रपिंड ती धरून ठेवतात. आणि आयडीएच म्युटंट गाठीत अडचण लोहाची नाहीच, तिथे चुकीचा रेणू एन्झाइममध्ये घुसून बसलाय. आवळा त्याला उठवू शकत नाही.

आवळा खा, मीही खाते. फक्त औषधाच्या जागी नको.

दर्यासारंग_रत्नागिरी

थोडं वेगळं. वेळासला कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडताना आम्हाला सांगतात की घरट्यातलं तापमान जास्त असलं की माद्या जास्त होतात. त्यात हे मिथाइल प्रकरण आहे असं एका मित्राने सांगितलं. खरं आहे का?

खारघरची_सई

खरं आहे, आणि तुम्ही माझ्या सगळ्यात आवडत्या प्रयोगावर आलात. प्रयोग वेळासच्या ऑलिव्ह रिडलेवर नाही, गोड्या पाण्यातल्या लाल कानाच्या कासवावर झाला. ही तीच कासवं जी आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानांतून विकत मिळायची आणि मग लोक मोठी झाली की तळ्यात सोडून द्यायचे. यांची अंडी २६ अंशाला उबवली तर नर, ३२ ला माद्या. २६ अंशाला केडीएम६बी नावाचं डीमिथायलेज जोरात असतं, ते डीएमआरटी१ या जीनच्या सुरुवातीचं एच३के२७ वरचं मिथाइल काढतं, जीन चालू होतो, वृषण बनतात. २०१८ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या गटांनी २६ अंशालाच हे एन्झाइम दाबून टाकलं तर बहुतेक पिल्लांत अंडाशय बनायला लागलं. एक एन्झाइम, एक जीन, आणि लिंग बदललं. गरम झाल्यावर हे एन्झाइम का कमी होतं त्याचा धागाही २०२० मध्ये लागला, स्टॅट३ नावाचं प्रथिन तिथे येऊन त्याला दाबतं.

दर्यासारंग_रत्नागिरी

कमाल! पुढच्या मार्चला पर्यटकांना हे सांगणार. लाल कानाचं कासव आमच्याकडच्या एका तळ्यात पण दिसलंय.

गुलबक्षी_

कासवावरून आठवलं, २०१८ च्या जानेवारीत चीनमध्ये माकडांचं क्लोनिंग झाल्याचं जाहीर झालं, चोंग चोंग आणि ह्वा ह्वा. त्यातही डीमिथायलेज होतं ना? शरीरातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घातलं तरी एच३के९ वरचं मिथाइल तसंच राहायचं आणि भ्रूण अडायचे. म्हणून केडीएम४डी चा आरएनए टोचला. म्हणजे क्लोनिंगमधला मोठा अडसर जुन्या मिथाइलचा होता. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

तिखटमीठ

कासव झालं माकड झालं, आता मास्तरांच्या प्रश्नाकडे या कुणीतरी, मला उत्तर पाहिजे :)

बॉस्टनकर_अभिजन

मी येतो. मी औषध कंपनीत रसायनाकडे काम करतो, एलएसडी१ वर काही काळ होतो. धाग्यात आशा फार आहे म्हणून थोडी दुसरी बाजू.

एलएसडी१ हे पहिलं सापडलेलं, त्यामुळे सगळ्यांनी आधी त्याच्यावर उडी घेतली. एएमएल मध्ये आणि फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये ते जास्त असतं, अडवलं की पेशी प्रौढ व्हायला लागतात. ट्रॅनिलसायप्रोमाइन हे डिप्रेशनचं जुनं औषध एलएसडी१ ला थोडंफार अडवतं, ते एटीआरए या व्हिटॅमिन ए च्या नातलगासोबत दिलं तर एएमएल च्या पेशी वळतात असं २०१२ मध्ये आलं. त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी नेमके रेणू बनवले.

पण बाजारात अजून आलेलं नाही. काही चाचण्या थांबवाव्या लागल्या कारण फायद्यापेक्षा त्रास जास्त निघाला. मुख्य त्रास प्लेटलेट्स कोसळण्याचा, कारण प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींनाच एलएसडी१ लागतं. मग कुणीतरी तोच त्रास उलटा वापरला. ज्या आजारात प्लेटलेट जास्त होतात त्या आजारासाठी बोमेडेमस्टॅट हा रेणू पुढच्या टप्प्यांच्या चाचण्यांत आहे.

आणि मास्तर, तुमच्या मुलांच्या प्रश्नात एक गृहीतक लपलंय ते काढा. एलएसडी१ मिथाइल काढतं म्हणून कॅन्सरला मदत करतं असं आम्ही धरून चाललो होतो. २०१८ मध्ये दाखवलं गेलं की एएमएल मध्ये ही औषधं मुख्यतः एलएसडी१ ची जीएफआय१ या प्रथिनाबरोबरची जोडी तोडतात, आणि तेच महत्त्वाचं असतं. मिथाइल काढणं तिथे दुय्यम. एन्झाइमचं नाव "डीमिथायलेज" ठेवलं म्हणून त्याचं दुसरं काम संपत नाही.

खारघरची_सई

अगदी! आणि युटीएक्सचं पण हेच. केडीएम६ए म्हणतात त्याला, एच३के२७ वरचं मिथाइल काढतो. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या हिश्शाच्या गाठींत हा बिघडलेला असतो, म्हणजे इथे मिथाइल काढणारा कॅन्सर रोखत होता. याचा जीन एक्स गुणसूत्रावर आहे आणि बायकांमध्ये दुसऱ्या एक्सवरचा सुद्धा चालूच राहतो. मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांना कितीतरी जास्त होतो, त्यात तंबाखू, रसायनांची कामं हे सगळं आहेच, पण हा एक जादा जीन सुद्धा असावा असं उंदरांवरच्या कामातून दिसलंय. तरी ब्लड कॅन्सरमध्ये युटीएक्सची मिथाइल काढायची जागा मोडून टाकली तरी तो बराचसा बचाव करतो. म्हणजे तिथेही तो बाकीच्या प्रथिनांना धरून ठेवणारा म्हणून काम करतो.

समुपदेशिका_पुणे

युटीएक्सचा विषय निघालाय तर एक वाक्य माझ्या कामातलं. हाच जीन जन्मतः बिघडलेला असला तर काबुकी सिंड्रोम होतो, त्यातला कमी आढळणारा प्रकार. जास्त आढळणारा प्रकार केएमटी२डी बिघडल्याने, आणि ते मिथाइल लावणारं एन्झाइम आहे. एक लावणारं, एक काढणारं, दोन्हींत मुलं इतकी सारखी दिसतात की चेहऱ्यावरून ओळखणं अवघड. ही दोन प्रथिनं पेशीत एकाच गटात बसून काम करतात, म्हणून असं होतं. "लावणारे विरुद्ध काढणारे" अशी दोन पार्ट्यांची मांडणी मला म्हणूनच खटकते.

रानवारा

हे भारी आहे. बोजा चढवणारा आणि उतरवणारा एकाच टेबलावर.

बॉस्टनकर_अभिजन

औषधाला दाद न देण्याबद्दल पण एक सांगतो, कारण यात डीएनए न बदलता काय होऊ शकतं ते स्वच्छ दिसतं. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या गटाने फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर त्या कॅन्सरच्या औषधाचा भरपूर डोस ओतला. जवळजवळ सगळ्या मेल्या, शेकडा अर्ध्याहूनही कमी उरल्या. या उरलेल्यांत त्या औषधाला चुकवणारं नवं म्युटेशन नव्हतं. औषध काढून वाढू दिलं की त्यांची पुढची पिढी परत औषधाला बळी पडायची. टिकून राहायला त्यांना केडीएम५ए लागत होतं, एच३के४ वरचं मिथाइल काढणारं. ते कमी केलं तर टिकणाऱ्या पेशी जमत नव्हत्या. रुग्ण बरा झाला वाटतं आणि आजार परत येतो त्यामागे अशा पेशी असू शकतात. मला विचाराल तर डीमिथायलेजवरच्या औषधांचा खरा उपयोग इथे निघेल, मुख्य औषधासोबत, एकट्याने नाही.

न्यूरो_नागपूर

आणि ऑक्सिजन विसरू नका. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्त पोचत नाही. २०१९ मध्ये दाखवलं की केडीएम६ए आणि केडीएम५ए ऑक्सिजन कमी झाल्याबरोबर मंदावतात. म्हणजे म्युटेशन नसतानाही गाठीच्या आतल्या पेशींत मिथाइल साचू शकतं.

मास्तर_बीजे (धागाकर्ता)

मंडळी, दोन दिवस परीक्षेच्या कामात होतो, आज सगळं सलग वाचलं. समुपदेशिका म्हणतात ते पटलं, दोन पार्ट्यांची मांडणी मी यापुढे फळ्यावर काढणार नाही. पण मुलांना एक असं उदाहरण हवं जिथे एकाच लायसिनवर दोन्ही दिशा दिसतील. एच३के२७ घेऊ का?

खारघरची_सई

सर, एच३के२७ च घ्या, त्याहून चांगलं मिळणार नाही. दोन आजार शेजारी शेजारी मांडा.

पहिला फॉलिक्युलर लिम्फोमा, बी पेशी या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. यातल्या काही रुग्णांत मिथाइल लावणारं ईझेडएच२ म्युटेशनमुळे जादा काम करतं, एच३के२७ वर मिथाइल साचतं, बी पेशी प्रौढ होत नाहीत. उपाय म्हणून लावणाऱ्यालाच अडवलं. टाझेमेटोस्टॅटला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली होती.

दुसरा मुलांमधला ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधार-पेशींची गाठ. यात बहुतेक मुलांत हिस्टोन एच३ च्या जीनमध्येच बदल असतो, सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन, एच३के२७एम म्हणतात. हे २०१२ मध्ये सापडलं. पेशीत एच३ चे बरेच जीन आहेत आणि बिघडलेला एकच, पण तो लावणाऱ्या यंत्रणेलाच अडवून ठेवतो, त्यामुळे बाकीच्या चांगल्या हिस्टोनवरचंही मिथाइल जवळजवळ सगळीकडून जातं. म्हणून इथे काढणाऱ्याला अडवून बघितलं. जीएसके-जे४ हा रेणू केडीएम६ गटाला, म्हणजे केडीएम६ए आणि केडीएम६बी ला अडवतो, त्याने २०१४ मध्ये उंदरांतल्या अशा गाठींची वाढ कमी झाली. मुलांपर्यंत तो पोचला नाही. या म्युटेशनच्या गाठींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये डॉर्डाव्हिप्रोन मंजूर झालं, ते डीमिथायलेजवरचं औषध नाही, पण त्याने या पेशींत एच३के२७ वरचं मिथाइल काही अंशी परत येतं असं दिसलंय.

एकच लायसिन. एका आजारात मिथाइल जास्त झालं म्हणून पेशी अडकली, दुसऱ्यात कमी झालं म्हणून अडकली. मुलांना विचारा, केडीएम६ अडवणारं औषध पहिल्या रुग्णाला दिलं तर काय होईल? हा प्रश्न त्यांना स्वतः सोडवू दे.

मास्तर_बीजे (धागाकर्ता)

हाच प्रश्न अंतर्गत परीक्षेला घालतो, सहा मार्कांना. सई, तुम्ही एक तास ऑनलाइन येऊन मुलांशी बोलाल का? शनिवारी सकाळी आमचा तास असतो.

खारघरची_सई

नक्की येईन सर. फक्त परीक्षा होऊ द्या आधी, नाहीतर मी उत्तर सांगून टाकेन.

तिखटमीठ

मास्तर, लिंक मलापण पाठवा. मागच्या बाकावर बसेन, आवाज करणार नाही.

ओंजळ

मला पण, सर. आणि न्यूरो सर, सोमवारी भेट झाली. ग्रेड २ आहे. १पी/१९क्यूचा रिपोर्ट यायचाय, आला की त्या गोळीबद्दल बोलू असं डॉक्टर म्हणाले.

न्यूरो_नागपूर

रिपोर्ट आला की इथेच लिहा, किंवा निरोप टाका. वाट बघतो.